सोनलचे चंबू निवळले

१

सकाळी मॅटाडोर लावून वर गेलो तर सोनल नव्या मशीनसमोर उभी. हातात काचेचा चंबू. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी समजावता तरी आलं असतं.

"काय झालं गं?"

"काका, मेले सगळे."

"कोण मेले? सकाळी सकाळी काय बोलतेस?"

तिनं चंबू खिडकीच्या उजेडात धरला. आतलं पाणी एकदम निवळ. तळाला नुसती चिंध्यांसारखी घाण साचली होती. काल संध्याकाळी हाच चंबू मी बघितला होता, तेव्हा आत भाताच्या पेजेसारखं दाट होतं. मशीनमधले तिचे बाकीचे चंबूही तसेच निवळलेले.

माझं नाव नामदेव. राहणारा करावेचा, सेंटरची गाडी चालवायचो. शहाण्णव सालची गोष्ट हाय. आमचं सेंटर पावण्याला, एमआयडीसीत. एका बाजूला रबरी वायसर बनवायचा कारखाना, दुसऱ्या बाजूला लेथवाला, आणि मधे आमी जंतू पोसायचो. माझ्या बायकोनं गावात कुणाला हे सांगितलं नव्हतं. "कंपनीत हायत" एवढंच सांगायची.

आता हे चंबू काय भानगड, ते सांगतो. टीबीच्या जंतूच्या अंगात एक प्रोटीन असतं, त्याच्या जिवावर तो औषधाला दाद देत नाय. त्या प्रोटीनचा आकार कळला तर नवीन औषध कुठं मारायचं ते कळणार. पण टीबीचा जंतू पाळायला धोक्याचा, वाढायला आळशी. म्हणून सोनलनं त्याचा तेवढाच गुण काढून दुसऱ्या एका गरीब जंतूत बसवला होता. ई-कोलाय त्याचं नाव. आंब्याचं कलम बांधतो ना, तसं. झाड गावठी आणि फळ पाहिजे ते. हे गावठी जंतू चंबूत घालायचे, मशीन त्यांना उबेत ठेवून हलवत राहणार, आणि ते वाढत वाढत प्रोटीन बनवणार. चंबू जेवढा दाट, तेवढं पीक चांगलं.

आणि आता पीकच गेलं होतं.

सोनल आमच्या करावेची. तिचा बाप आणि मी एका होडीत वाढलो. तो लवकर गेला. आई गोजरानं खाडीत जाऊन, नेरुळच्या बाजारात मासळी विकून पोरीला एमेस्सी केली. गावातली पहिली. नोकरी अजून कच्ची होती. दिल्लीची कमिटी येणार होती, तिला प्रोटीन दाखवलं की सोनल पक्की होणार, असं ठरलेलं.

तेवढ्यात आमचे मोठे साहेब आले. डॉक्टर प्रसाद गुप्ते. माणूस वाईट नाय, पण टेन्शन आलं की आवाज चढतो.

"हे कसं झालं?"

"माहीत नाही सर. काल संध्याकाळी व्यवस्थित होते."

"मशीनला कुलूप असतं. किल्ली तुझ्याकडे." साहेब चष्मा पुसत बोलले. "सोनल, चूक झाली असेल तर आत्ता सांग. नंतर मला कमिटीला सांगावं लागेल."

"माझी चूक असेल तर मी सांगेन सर. पण आधी कळू तर द्या, कुठली ती."

साहेबांना ते उत्तर आवडलं नाय. "पुन्हा लाव," ते बोलले. "या वेळी खोलीला मी स्वतः सील लावणार. सकाळी दाट चंबू दिसले तर ठीक. नाहीतर तुझी जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल."

२

सील म्हंजे कागदाची पट्टी. दारावर चिकटवली, वर साहेबांची सही. वॉचमन मानसिंग दाराबाहेर खुर्ची टाकून बसला. तो तर एवढा पेटला होता की झाडूवालीला पण जिन्यावरून परत पाठवलं. "आज डास पण आत जाणार नाय," बोलला.

सकाळी आमी सगळे दारापाशी जमलो. पट्टी जशीच्या तशी. सही जशीच्या तशी. साहेबांनी ब्लेडनं कापली, दार उघडलं, मशीनचं झाकण उचललं.

सोनलचे चंबू पुन्हा निवळ.

आणि त्याच मशीनमध्ये, तिच्या चंबूंच्या मांडीला मांडी लावून बसलेले आमच्या दुसऱ्या सायंटिस्टचे, जयप्रकाश सरांचे, दोन चंबू? मस्त दाट! दह्यासारखे!

सगळ्यांचे डोळे जयप्रकाश सरांकडे गेले. सर मागे सरकले आणि लेथवाल्याच्या बाजूच्या भिंतीला टेकले.

"पोलीस?" मी विचारलं.

"वेडे आहात का? पेपरात येईल." साहेब खिशातून डायरी काढून फोनकडे गेले. "सरोजिनीबाईंना आणा. वाशीला राहतात. गाडी काढा, नामदेव."

३

सरोजिनी टिपणीस म्हंजे हाफकिनसारख्या ठिकाणी जन्म घालवलेली बाई असेल असं मला वाटलेलं. तसं काय नव्हतं. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होत्या, रिटायर होऊन सेक्टर नऊमध्ये फ्लॅटवर राहायच्या. उंचीला माझ्या खांद्याएवढ्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. गाडीत बसताना बोलल्या, "चहा विचारू नका. लॅबमध्ये चहा पिणारे मायक्रोबायोलॉजीवाले मी लवकर गेलेले बघितलेत."

साहेबांच्या केबिनमध्ये त्यांनी एकेकाला बोलावलं. मला पण बसवून घेतलं. "तुम्ही इथले सगळे ओळखता. कोण नेहमीसारखं बोलत नाही, एवढं मला सांगा," असं बोलल्या. मी खुर्ची ओढून कोपऱ्यात बसलो.

पहिले जयप्रकाश सर. पालघरचे. घाम पुसत आले.

"तुमचे चंबू कसे वाचले?" बाईंनी सरळच विचारलं.

"माझं यीस्ट आहे. पाव फुगवतात ते. तिचं ई-कोलाय. पण मॅडम, मला तिचे मारायचे असते तर संशय नको म्हणून माझे पण एक-दोन मारले असते की!"

"म्हणजे हा विचार तुम्ही आधीच करून ठेवलाय."

"रात्रभर दुसरं केलं काय? झोप नाही मॅडम. सगळे माझ्याकडे बघतायत."

"सोनलचं फसलं तर कमिटीला तुमचं यीस्ट दाखवणार. खरं ना?"

सर हळूच बोलले, "खरं आहे. मला राग पण आला होता. नवीन मशीन आलं, त्यात तिला अर्ध्याहून जास्त जागा आणि मला कोपरा. पण मॅडम, मी जंतू वाढवणारा माणूस. मारायचं जमत नाही मला."

"मशीनची दुसरी किल्ली तुमच्याकडे आहे."

"हो. पण मशीन आलं आणि दसऱ्याची सुटी लागली. मी गावी होतो. किल्ली माझ्याबरोबर पालघरला. परत आलो तेव्हा सोनलनं सुरू पण केलं होतं."

दुसरा पार्थ. वाशीचा पोरगा, कॉम्प्युटरवाला, केस मानेपर्यंत. त्याचं काम मला लई आवडायचं. त्याच्या पडद्यावर ते प्रोटीन रंगीत फितीसारखं गोल गोल फिरायचं. प्रोटीन हातात यायच्या आधीच ते कसं दिसत असेल याचा अंदाज त्यानं हिशेब करून बांधला होता.

"आणि सोनलचं प्रोटीन तयार झालं, तर तुझा अंदाज खरा की खोटा ते कळणार," बाई बोलल्या. "खोटा निघाला तर?"

"निघू दे ना खोटा!" पार्थ उसळला. "पण निघू तर दे! त्या एका चित्राकडे बघून बघून माझे डोळे गेले, आंटी. आई बोलते लग्न कर त्या फितीशी. सोनलचे चंबू गेले तर मी कोणाला विचारू, बरोबर आहे का चूक?"

"मला आंटी नको. बाई म्हण."

"सॉरी बाई."

तो गेल्यावर बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नेहमीसारखाच बोलत होता, फुकटचा ओरडा.

शेवटी सोनल. ती बसली नाय.

"बस ग."

"बाई, मला कुणी धीर द्यायला नको. कारण सांगा. मी प्रत्येक वेळी चंबू तेच वापरले, पाणी तेच, हात धुतले, बुचं भाजली. जुन्या मशीनमध्ये मी वर्षभर हेच करत होते, एकदा पण असं झालं नाही. काय बदललं तेच कळत नाही."

बाईंचे डोळे बारीक झाले. "जुनं मशीन कुठे आहे?"

"जिन्याखाली. भंगारात द्यायचंय."

"चालतं का?"

"आवाज करतं. पण चालतं."

बाई उठल्या. "नामदेव, दोन माणसं बोलवा. ते वर आणा."

४

जुनं मशीन वर चढवताना मानसिंगचं आणि माझं कंबरडं मोडलं. बाईंनी सोनलकडून एकाच भांड्यातले जंतू दोन चंबूंत भरून घेतले. एक शेजारच्या खोलीत लावलेल्या जुन्या मशीनमध्ये, एक नव्या मशीनमध्ये. दोन्ही खोल्यांना सील. किल्ल्या बाईंच्या बटव्यात.

सकाळी जुन्यातला दाट. नव्यातला पाणी.

"म्हणजे माणूस नाही," बाई बोलल्या. "माणसाला खुन्नस असती तर दोन्हीत काहीतरी केलं असतं. गडबड या मशीनमध्येच बसलेली आहे."

"विष?" साहेबांनी विचारलं. ते आता दर तासाला येऊन डोकवायचे.

"बघू."

बाईंनी चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला, आणि मशीनच्या आत डोकं घातलं. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या आणि मला बोलावलं. "बॅटरी धरा. हे काय?"

आत कोपऱ्यात, पंख्याच्या जाळीखाली, वाळलेल्या पाण्याचा पांढरा ओघळ. झाकणाच्या आतल्या बाजूला कुंकवाचं बोट.

"दसऱ्याला सगळ्या मशीनची पूजा झाली ना बाई," मी बोललो. "आमच्या इथं पद्धत हाय. घरची माणसं येतात, मशीन बघतात, हळदकुंकू वाहतात, पेढा खाऊन जातात. अख्ख्या एमआयडीसीत असंच असतं."

"इतर मशीनवर हळदकुंकू बाहेरून आहे. इथे आतून आहे. आणि हा पांढरा ओघळ दुसऱ्या कुठल्याच मशीनवर नाही."

मी बोट पुढं केलं, म्हटलं चाखून बघतो. बाईंनी असा फटका मारला हातावर की मानसिंग दचकला. "लॅबमध्ये काही चाखायचं नसतं!"

त्यांनी सुईच्या टोकानं पांढरं खरवडलं आणि मायक्रोस्कोपखाली ठेवलं. मग मला बघायला दिलं. काचेचे चौकोनी चौकोनी खडे, एकसारखे.

"मीठ," बाई बोलल्या.

"मिठानं जंतू मरतात?"

"एवढ्याशा मिठानं? त्यांच्या खाण्यात मीठ असतंच. मिठानं नाही मेले. पण मिठाबरोबर कोण आलं, ते बघायचंय."

मग त्या आणि सोनल मान खाली घालून कामाला लागल्या. निवळलेल्या चंबूतलं पाणी घेतलं. इतक्या बारीक गाळणीतून गाळलं की त्यातून कुठला जंतू पलीकडे जाऊ शकत नाय. ते गाळलेलं पाणी ताज्या चंबूत थेंबभर घातलं. ताजा चंबू निवळला. त्या निवळलेल्यातला थेंब पुढच्यात. तो पण निवळला. त्यातला पुढच्यात. तो पण. आणि जयप्रकाश सरांच्या यीस्टमध्ये घातलं तर यीस्ट मजेत.

सोनलनं एका काचेच्या बशीत जंतूंची साय धरवली होती, त्यावर पण ते पाणी शिंपडलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं बशी उचलली आणि नुसती "बाई!" एवढंच बोलली. सायीला गोल गोल भोकं पडलेली. पिठाच्या चाळणीसारखी.

मी विचारलं, "म्हंजे काय विष हाय एवढं जालीम?"

"नामदेव, विष थेंबाथेंबानं पुढे देत गेलं की पातळ होतं. त्याचा जोर जातो. याचा जोर दर वेळी तेवढाच." बाईंनी बशी खाली ठेवली. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर हसू बघितलं मी. "खुनी जिवंत आहे. आणि त्याला पिल्लं होतायत."

५

विषाणू! माणसाला सर्दी-कावीळ करतात तसे विषाणू जंतूंना पण असतात, हे मला त्या दिवशी कळलं. जंतूच्या अंगात शिरायचं, आत पिल्लं काढायची आणि त्याला फोडून बाहेर यायचं. आणि हे विषाणू लई निवडक. ज्याची जात ठरलेली त्यालाच धरणार. ई-कोलाय खाणारा यीस्टला ढुंकून बघणार नाय. म्हणून सरांचे चंबू वाचले. आणि मशीनचा पंखा फिरला की त्या पांढऱ्या ओघळातली धूळ उडून बुचाच्या फटीतून सोनलच्या चंबूत जायची, विषाणू तिच्याबरोबर.

जयप्रकाश सरांनी हे ऐकलं आणि धाडकन खुर्चीत बसले. "चहा सांगा कुणीतरी," बोलले. "मी पाजतो सगळ्यांना." पार्थनं त्यांच्या पाठीवर थाप मारली, तर सरांना खोकलाच लागला.

पण बाई थांबल्या नाय. "ई-कोलाय म्हणजे आपल्या आतड्यातला जंतू. त्याला खाणारे कुठे सापडणार? जिथे गावाची घाण जाते त्या पाण्यात. आणि इथे तर त्याबरोबर मीठ आहे. घाण आणि मीठ दोन्ही असलेलं पाणी कुठलं, नामदेव?"

नेरुळ-बेलापूरची सगळी गटारं कुठं सुटतात ते आमाला विचारा. आमच्या जाळ्यात काय काय येतं ते आमाला विचारा.

"खाडीचं," मी बोललो.

"सोनलचं घर खाडीवरच ना? मला करावेला न्या."

गोजरावयनी दारात जाळं शिवत बसली होती. मॅटाडोर बघून उठली, पदर सारखा केला. "या या भावजी. ह्या कोन पावन्या?"

"सोनलच्या सेंटरच्या बाई हायत."

झालं! गोजरानं पाट मांडला, पाणी आणलं, पोरीचं कौतुक चालू केलं. बाईंनी पाणी घेतलं. प्यायल्या पण, मी बघतच राहिलो. मग हळूच विचारलं, "दसऱ्याला तुम्ही लॅबमध्ये आला होतात ना?"

"आल्ते ना! सोनल बोल्ली आये, नवा मशीन आयलाय, बघाला ये. मी नवं लुगडं नेसून जेल्ते."

"मशीनवर पाणी घातलंत?"

मला वाटलं आता लपवेल. लपवायचं कशाला? ताठ बसली.

"घातलं ना! या हातानं घातलं. आमच्या घरान नवी होडी आयली का पयलं खाडीचं पानी तिच्या अंगावर घालतांव. घरच्या बाईनी घालाचं. मंग ती होडी कदी धोका देत नाय. सोनलचा बापूस असता तर त्यानीच मना गडू भरून दिला असता." तिचा आवाज जरा बसला. "माज्या पोरीला होडी नाय. तिला मशीन हाय. म्हनून मी खाडीवर जेले, गडू भरला, पिशवीन लपवून नेला. मना वाटलं कोन हसल. पन आत चांगला शिपरलाय, चारी कोपऱ्यांना."

"मशीनला कुलूप होतं."

"नाय बा. मी आयले तवा झाकन उघरंच होतं. सगली वाकून वाकून बघत व्हती. मी कुंकू लावला, पानी घातला. काय झाला? बिघारला का मशीन?"

बाईंनी पाण्याचं भांडं हळूच खाली ठेवलं. मी जमिनीकडे बघत बसलो.

परत येताना गाडीत मी गप्प बसूच शकलो नाय. "बाई, खुनी सापडला ना? विषाणू. एवढंच सांगा साहेबांना. त्या बाईचं नाव कशाला पायजे? साहेब बोलतील, हिच्या आईनं केलं म्हंजे हिनंच केलं."

"आणि नाव सांगितलं नाही तर?" बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. "विषाणू कुणाच्या हातून आला हे मोघम राहिलं, तर किल्ली कुणाकडे होती एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहील. ती पोरगी जन्मभर निष्काळजी ठरेल. गाडी सरळ सेंटरला घ्या. आधी सोनलशी बोलते. मग ती ठरवेल."

६

कमिटी यायच्या आदल्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये सगळ्यांना बसवलं. साहेब, जयप्रकाश सर, पार्थ, सोनल. मी दारापाशी. बाईंनी भोकं पडलेली बशी टेबलावर ठेवली आणि चंबूंपासून मिठापर्यंत सगळं सांगितलं.

"खाडीचं पाणी," साहेब बोलले. "मशीनमध्ये? आणलं कुणी?"

बाईंनी सोनलकडे बघितलं. मला वाटलं हिची जीभ उचलणार नाय. सोनल उभी राहिली.

"माझ्या आईनं, सर. आमच्या घरी नव्या होडीवर घालतात, तसं. माझं काम चांगलं चालावं म्हणून. तिला कल्पना नव्हती, आणि मला ती येऊन पाणी घालणार हे माहीत नव्हतं. मला आईची लाज वाटत नाही सर. जे झालं ते असं झालं."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "पण झाकणाला कुलूप असताना तुझी आई आत पाणी कशी... किल्ली तुझ्याकडेच होती ना!"

"तोच शेवटचा प्रश्न उरलाय," बाई बोलल्या. "दसऱ्याला झाकण उघडलं कुणी? जयप्रकाशांची किल्ली पालघरला. सोनल, पूजेच्या वेळी तू कुठे होतीस?"

"खाली गेटवर. मानसिंगकाकांबरोबर पेढे वाटत होते. आई माझ्याआधीच वर गेली."

"मी पण खालीच," मी बोललो. "गाडीला हार घालत होतो."

"मग तिसरी किल्ली." बाईंनी साहेबांकडे बघितलं. आवाज अजिबात चढवला नाय. "मास्टर की कुणाकडे असते, प्रसाद?"

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. परत काढला.

"माझ्याकडे," साहेब बोलले. "मीच उघडलं. पाहुण्यांना आत कसं दिसतं ते दाखवत होतो. मशीन सुरू नव्हतं, म्हणून... मला ते उघडणं वाटलंच नाही. मी दाखवत होतो." मग चष्मा डोळ्यावर चढवला. "आम्हाला सगळ्यांनाच त्या मशीनचं कौतुक होतं."

"त्यात काही वाईट नाही," बाई बोलल्या. "फक्त कौतुक बाहेरून करायचं."

पार्थला हसू आलं. जयप्रकाश सरांनी त्याला कोपर मारली आणि स्वतःच हसले.

साहेब उठले, टेबलाला वळसा घालून सोनलपाशी आले. "सोनल, किल्ली तुझ्याकडे असं मी सगळ्यांसमोर बोललो होतो. आता सगळ्यांसमोर माझं चुकलं म्हणतो. पण उद्या कमिटी येतेय. मी त्यांना काय दाखवू? चंबू तर मेले."

"सगळे नाही मेले, सर," सोनल बोलली.

ती बाहेर गेली आणि एक चंबू घेऊन आली. दाट. पेजेसारखा.

"हा निवळलेलाच होता. टाकून द्यायच्या आधी बाईंना विचारून एक ठेवला. त्यात विषाणूच्या तावडीतून काही थोडे वाचले होते. विषाणू त्यांना धरू शकत नाही. ते वाढले, त्यांच्यापासून हे नवीन पीक घेतलंय, जुन्या मशीनमध्ये. काल तपासलं. प्रोटीन बनवतात, पूर्वीएवढंच. आता असला विषाणू आला तरी माझं काम थांबणार नाही."

बाई उठल्या. त्यांनी चंबू हातात घेतला, उजेडात फिरवला. "हे मी सांगितलं नव्हतं," त्या बोलल्या. "चंबू ठेवू का एवढंच तिनं विचारलं. पुढचं सगळं तिचं." आणि त्या लहानखुऱ्या बाईनं सोनलच्या पाठीवर असा हात ठेवला, की मी दाराबाहेर जाऊन मानसिंगला विनाकारण शिव्या घातल्या. डोळे पुसायला वेळ पायजे ना.

७

कमिटी आली, बघून गेली. सोनल पक्की झाली. प्रोटीन स्वच्छ करून झालं आणि पार्थचा अंदाज एका फितीत चुकलेला निघाला. तो एवढा खूश झाला, की चुकलेली फीत मोठी करून भिंतीवर लावली.

पण एक राहिलं. तो खाडीचा विषाणू नवीन निघाला. कुणी आधी नोंदवलेला नव्हता. बाई बोलल्या, ज्यानं शोधला त्यानं नाव ठेवायचं, अशी त्यांच्यात रीत हाय. साहेबांनी दोन-तीन भारी नावं सुचवली, इंग्लिशमधली. सोनलनं मान हलवली.

"गोजरा-एक," ती बोलली.

साहेबांनी तसंच लिहून घेतलं.

संध्याकाळी मी सोनलला घरी सोडलं आणि मुद्दाम थांबलो. गोजरानं ऐकलं. तिला कळेना हसावं की चिडावं.

"माजा नाव रोगाला दिलास? बारश्याला दुसरा कोन नाय भेटला तुला?"

"रोगाला नाही गं आये. जंतूंना खातो ना, त्याला. माणसाला काही करत नाही. जगात कुणीही त्याच्यावर काम केलं, तरी तुझंच नाव लिहावं लागणार."

"परदेशान पन?"

"परदेशात पण."

गोजरा उठली आणि आत गेली. चुलीवरचं कालवण हलवल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण बोलली ती एवढंच, "भावजी, जेवून जा."

त्या रविवारी मी नेरुळच्या बाजारात गेलो होतो. गोजरासमोर एक सोसायटीवाली बाई उभी होती, नवीन आलेली असणार. बोयटाचे कल्ले उचलून बघते, नाक मुरडते, परत बघते.

"मावशी, ताजी आहे का नक्की?"

गोजरानं कोयता खाली ठेवला, पदर खोचला आणि मान वर केली.

"लेबोरेट्रीन नाव हाय माजा," ती बोलली. "मी शिळी इकन?"